गोळी गिनीची, माल दमडीचा

दिवाळीपूर्वीची झाडलोट म्हणजे घरातल्या पुरुषमाणसांवर दरसाल कोसळणारे संकट. गेल्या वर्षी फलटणच्या आमच्या जुन्या घरी मी या संकटात सापडलो. पंच्याऐंशीच्या घरातल्या आत्याने देवघराखालचे फडताळ माझ्या वाट्याला दिले आणि ती स्वतः समोर पाट मांडून देखरेखीला बसली. फडताळातून काय काय निघाले म्हणून सांगू! तुटकी समई, झिजलेली सहाण, वाळवीने चाखून पाहिलेली पंचांगे, विलायती साबणाची एक गंजकी डबी, आणि सर्वांत मागे, खणाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली बोटभर उंचीची एक काचेची बाटली. तिच्यावरची चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती. बूच वाळून आत सरकले होते आणि तळाशी तपकिरी रंगाचा एक डाग तेवढा उरला होता.

‘‘ही टाकू ना?’’ मी विचारले.

‘‘खबरदार!’’ आत्या कडाडली. ‘‘आमच्या आजोबांचं क्लोरोडाइन आहे ते. वारीला जाताना कनवटीला असायचं त्यांच्या.’’

आत्याचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा. त्या बाटलीची हकिगत आत्याने मला त्या दुपारी सांगितली. ती मी वाचकांना सांगणारच आहे, पण शेवटी. कारण ती नीट कळायची तर आधी थोडे दूर, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत जाऊन यायला हवे. आपल्या आज्यापणज्यांच्या फडताळात शिरलेल्या त्या बाटल्या, डब्या आणि वड्या आल्या कोठून, त्यांत होते काय आणि त्या विकल्या कशा गेल्या, ही कहाणी मोठी मनोरंजक आहे. आणि मधूनमधून अंगावर काटा आणणारीही आहे.

पेटंट नसलेली पेटंट औषधे

पहिली गंमत नावातच आहे. ज्यांना सारे जग ‘पेटंट औषधे’ म्हणे, त्यांतल्या बहुतेकांना पेटंट नव्हतेच! पेटंट घ्यायचे म्हणजे आपली कृती सरकारदरबारी उघड करायची, आणि मुदत संपली की ती साऱ्या जगाची होऊ द्यायची. हे कोणाला परवडणार? म्हणून कारखानदार कृती गुप्त ठेवीत आणि नावाची व वेष्टनाची तेवढी मालकी सांगत. इंग्लंडमध्ये १७८३ सालापासून अशा औषधांवर कर बसला होता. तो भरल्याची सरकारी पट्टी प्रत्येक डबीवर चिकटवलेली असे. सरकारने ती लावली तिजोरीसाठी. पण गिऱ्हाईक समजे, की खुद्द सरकारनेच औषधाच्या गुणाची हमी दिली आहे. कारखानदारही हा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडत नसत!

या धंद्याचा महामेरू म्हणजे टॉमस हॉलोवे. १८३७ मध्ये राणी गादीवर आली, त्याच वर्षी या गृहस्थाने आपल्या मलमाची जाहिरात सुरू केली. पहिले मलम त्याने आईच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यात शिजवले, असे सांगतात. पुढे मलमाच्या जोडीला गोळ्या आल्या. जाहिरातीपायी झालेल्या कर्जामुळे हॉलोवेला एकदा तुरुंगाची हवाही खावी लागली. दुसरा कोणी असता तर त्याने कानाला खडा लावला असता. हॉलोवेने उलटा धडा घेतला: जाहिरात कमी पडली! १८४२ मध्ये तो वर्षाला ५ हजार पौंड जाहिरातीवर खर्च करी. १८८३ मध्ये तो वारला तोवर हा आकडा ५० हजारांवर गेला होता. औषध कसे घ्यावे याच्या चिठ्ठ्या त्याने चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातल्या अनेक देशी भाषांत छापून घेतल्या. साहेबाच्या राज्यात आपल्या लोकांच्या भाषेत आपल्याशी बोलणारे जे थोडे होते, त्यांत हा गोळीवाला एक होता.

हॉलोवेला मूलबाळ नव्हते. साठलेल्या संपत्तीतून त्याने मनोरुग्णांसाठी एक प्रचंड आरोग्यभवन बांधले आणि पत्नीच्या स्मरणार्थ स्त्रियांसाठी एक कॉलेज उभारले. त्या कॉलेजचे उद्घाटन १८८६ मध्ये स्वतः राणीने केले. गोळ्यांनी किती लोक बरे झाले हा प्रश्न बाजूला ठेवा. त्या गोळ्यांच्या पैशांवर हजारो मुली शिकल्या, एवढे मात्र खरे!

एकशे आठ पट

हॉलोवेच्या तोडीस तोड निघाला टॉमस बीचम. लहानपणी हा मेंढ्या राखत असे. मोठेपणी बाजारात पाट्या मांडून गोळ्या विकू लागला आणि पुढे लँकेशायरमधल्या सेंट हेलन्स गावी त्याने कारखानाच घातला. त्याच्या डबीचे ब्रीदवाक्य साऱ्या साम्राज्यात दुमदुमले: एक डबी एका गिनीच्या मोलाची! गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. डबीची किंमत मात्र एक शिलिंग दीड पेनी. म्हणजे गिऱ्हाईकाला वाटावे, आपणच कारखानदाराला लुटले!

खरे कोण कोणाला लुटत होते, ते १९०९ मध्ये उघडकीस आले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संस्थेने बाजारातल्या गुप्त औषधांचे रासायनिक पृथक्करण करून घेतले आणि ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचे पुस्तकच छापले. बीचमच्या गोळीत काय निघाले? कोरफडीचा सुकवलेला रस, म्हणजे आपला काळा बोळ; सुंठ; आणि साबण! वाचकहो, यांतल्या पहिल्या दोन वस्तू आपल्या आजीबाईच्या बटव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. तिसरी तेवढी खास विलायती.

छप्पन्न गोळ्यांच्या त्या डबीतल्या मालाची किंमत पुस्तकात दिली आहे: सुमारे अर्धा फार्दिंग. एका पेनीचे चार फार्दिंग. आता हिशेब करा. साडेतेरा पेनींचे अर्धे फार्दिंग होतात बरोबर एकशे आठ! जपमाळेचे जितके मणी, तितक्या पट किंमत. गोळी गिनीची आणि माल दमडीचा, तो असा.

बीचमच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. त्याची गोळी जुलाबाची होती, आणि जुलाब तिने खरोखर होत असे. त्यापलीकडे तिने कोणाचे फारसे वाकडे केले नसावे. शिवाय या गोळ्यांच्या पैशांतून त्याचा नातू, सर टॉमस बीचम, जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झाला आणि त्याने लंडनला एकाहून अधिक वाद्यवृंद उभे करून दिले. साऱ्याच बाटल्या आणि डब्या इतक्या निरुपद्रवी असत्या तर हा लेख येथेच हसतखेळत संपला असता. पण तसे नव्हते.

निजलेली बाळे

इंग्लंडच्या गिरणगावांत बाया पहाटे कामावर जात. तान्ह्या पोराला सांभाळायला शेजारची एखादी म्हातारी. पोर रडू लागले की ती त्याला ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’चा चमचा पाजी. पोर शांत निजे. का न निजेल? त्या गोड पाकात अफू होती. अमेरिकेत याच कामासाठी ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ खपत असे. त्यात मॉर्फिन होते. जाहिरातीच्या चित्रात गुबगुबीत बाळ आणि हसरी आई. अफूने निजलेल्या पोरांना भूक लागत नसे, ती सुकत जात. कित्येक पुन्हा उठलीच नाहीत. १९०६ साली अमेरिकेत कायदा झाला, की औषधात मॉर्फिन, अफू, कोकेन, मद्य असेल तर तसे वेष्टनावर छापलेच पाहिजे. तेव्हा कोठे आयांना कळले, की आपण लेकरांना काय पाजत होतो.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून आपण नाके मुरडायला नकोत. आपल्या मुंबईच्या गिरणगावात हेच चालत असे. तेथे बाटली नव्हती, ‘बाळगोळी’ होती. अफूची ती गोळी पोटात गेली, की पाळी संपेपर्यंत पोर हूं की चूं करत नसे. १९२० नंतरच्या पाहण्यांत दिसून आले, की गिरणीत जाणाऱ्या बहुतेक आयांना लेकरांना हीच गोळी द्यावी लागत होती. मँचेस्टर काय आणि परळ काय, गरीब आईची अडचण एकच. तिला औषध हवे होते असे नाही. तिला हवे होते पोर सांभाळणारे माणूस, आणि बाजाराने तिला विकली झोप.

अफूविना बाळाला शांत करणारी एक बाटली मात्र टिकून राहिली. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याने ग्राइप वॉटर काढले. त्यात मुख्यतः सोडा आणि शेपूच्या बियांचे तेल. म्हणजे आपला बाळंतशेपाच साहेबाचा कोट घालून परत आला! मूळ कृतीत थोडे मद्यही होते, हे आपल्या सोवळ्यातल्या आज्यांना कोणी सांगितले नाही, हे बरेच झाले. इंग्लंडमध्ये हे मद्य १९९२ मध्ये काढून टाकण्यात आले.

पेटीतून आला साबण

औषधांच्या मागोमाग घरगुती वस्तू आल्या. १८८८ च्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. ‘लीव्हर ब्रदर्सनी इंग्लंडात तयार केलेला’ ही अक्षरे वडीवर उमटवलेली. १८९५ मध्ये लाइफबॉय आला. तोवर साबण दुकानदार लांब लगडीतून कापून वजनावर देई. लीव्हरने त्याची कागदात गुंडाळलेली, नाव असलेली वडी केली. आपल्याकडे तर कपड्यांना रिठा, केसांना शिकेकाई, भांड्यांना राख आणि दिवाळीला उटणे, असा चोख कारभार होता. त्यात ही वडी शिरली ती कायमची.

पेअर्स साबण याहून जुना, १७८९ सालचा. त्याचा व्यवस्थापक टॉमस बॅरट हा जाहिरातीतला जादूगार. मिले या नामांकित चित्रकाराने आपल्या नातवाचे फुगे उडवतानाचे चित्र काढले होते. बॅरटने ते मिळवले, त्यात साबणाची वडी घातली आणि साऱ्या जगात छापून वाटले. पण याच साबणाच्या दुसऱ्या एका जाहिरातीत गोरा मुलगा काळ्या मुलाला टबात अंघोळ घालतो, आणि काळा मुलगा मानेखाली गोरा होऊन बाहेर येतो! साबण मळ काढतो हे ठीक. पण आमच्या कातडीचा रंग म्हणजे मळ, हे त्या वडीबरोबर फुकट मिळणारे ज्ञान होते. ते काही आपल्या मनातून अजून पुरते धुऊन निघालेले नाही. लग्नाच्या जाहिराती वाचा म्हणजे पटेल.

या लाटेला देशी उत्तरेही निघाली. १८७२ मध्ये पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर औषधी कारखाना सुरू केला. १८८४ मध्ये कलकत्त्याला डॉ. बर्मन यांचे डाबर आले. १८९३ मध्ये काशीनाधुनी नागेश्वरराव या आंध्रातल्या तरुणाने मुंबईत अमृतांजन काढले. त्या पिवळ्या मलमाच्या मिळकतीतून पुढे ‘आंध्रपत्रिका’ निघाली आणि तीही प्रथम मुंबईहूनच. परदेशी साबणात चरबी असते म्हणून अनेक घरांत तो विटाळाचा मानत. ती अडचण ओळखून अर्देशीर गोदरेज यांनी पुढे वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. विलायती विक्याची विद्या आपल्या लोकांनी झटकन उचलली. चांगलीही उचलली, आणि ‘सर्व रोगांवर एकच उपाय’ ही वाईटही उचलली.

क्लोरोडाइनची जन्मकथा

आता वळू पणजोबांच्या बाटलीकडे. क्लोरोडाइन हे औषध हिंदुस्थानाशी अगदी नाळेने जोडलेले आहे. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या फौजेतला डॉक्टर. कॉलऱ्यावर, म्हणजे आपल्या पटकीवर, उतारा म्हणून त्याने १८४८ च्या सुमारास हे मिश्रण तयार केले आणि १८५६ मध्ये डेव्हनपोर्ट नावाच्या लंडनच्या औषधविक्याला विक्रीचे हक्क दिले. त्यात तीन मुख्य जिन्नस होते: अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. औषध इतके खपले, की नकला निघाल्या. फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी कोर्टकज्जा झाला आणि १८६४ मध्ये न्यायाधीशाने ब्राउन हाच मूळ जनक असा निर्वाळा दिला. तो निकाल पुढे वर्षानुवर्षे जाहिरातीत झळकत राहिला. इकडे या थेंबांची चटक लागलेले आणि जास्त घेऊन दगावलेले लोकही कमी नव्हते.

पण क्लोरोडाइनने पटकी बरी होत असे काय? आतड्याची चाल मंदावे, पोटातले गोळे थांबत, रोगी गुंगीत शांत पडे. रोग मात्र जागच्या जागी राही. पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्याने. ते परत भरले तर माणूस वाचतो. न भरले तर कितीही शांत पडला तरी वाचत नाही.

‘त्या काळी हे कोणास ठाऊक होते?’ असे वाचक विचारतील. येथेच या साऱ्या कहाणीतला चटका आहे. ते ठाऊक होते! इंग्लंडात पटकीची पहिली साथ आली तेव्हा, १८३१-३२ मध्ये, विल्यम ब्रुक ओशॉनेसी या बावीस-तेवीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले आणि छापून सांगितले, की या रक्तातले पाणी आणि क्षार नाहीसे झाले आहेत. ते परत द्या. १८३२ मध्येच टॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले, आणि काही रोगी खरोखर उठून बसले. पण बहुतेक डॉक्टरांनी ही पद्धत टाकून दिली.

हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला. येथे त्याने भांगेच्या औषधी गुणांचा अभ्यास केला आणि १८३९ मध्ये तो प्रसिद्ध करून भांग पाश्चात्त्य वैद्यकाच्या हाती दिली. त्यानंतर त्याने हिंदुस्थानभर तारायंत्राचे जाळेही विणले. म्हणजे पाहा, एकाच माणसाने जगाला दोन गोष्टी सांगितल्या: पटकीत मीठपाणी द्या, आणि भांग गुंगी आणते. बाजाराने भांग उचलून बाटलीत भरली. मीठपाणी कोणी उचलले नाही. ते बाटलीत घालून गुप्त कसे ठेवणार, आणि त्याची एकशे आठ पट किंमत कशी लावणार?

पुढे कायदे झाले, पण रडतखडत. ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने गुप्त औषधांची दोन वर्षे चौकशी केली. तिचा अहवाल बाहेर पडला ४ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे इंग्लंडने युद्ध पुकारले त्याच दिवशी! तोफांच्या आवाजात तो कोण वाचणार? औषधातले घटक चिठ्ठीवर लिहिण्याची सक्ती तेथे १९४१ मध्ये झाली. आपल्याकडे १९४० मध्ये औषधांचा कायदा आला, आणि स्वतंत्र भारतात १९५४ मध्ये चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. मधुमेह, कर्करोग अशा रोगांवर हमखास गुणाची जाहिरात करणे त्याने गुन्हा ठरवले. तरी तशी जाहिरात आज आपल्या खिशातल्या फोनवर रोज सकाळी ‘सुप्रभात’ म्हणत हजर होते, हे वाचकांना मी सांगायला हवे असे नाही.

आणि मीठपाणी? त्याचा दिवस उजाडायला १९७१ साल यावे लागले. बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि आयाबहिणींच्या हाती पेले दिले: पाजत राहा. जेथे शंभरातले तीस दगावत होते, तेथे त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत हे प्रमाण चाराच्याही खाली आले. साखरेमुळे आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, एवढेच त्यातले रहस्य. आणि ते त्यांनी रहस्य ठेवलेच नाही. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पुढल्या वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

रांजण

आता आत्याची हकिगत. पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ एका आषाढीला वारीला निघाले होते. वाटेत पटकी आली. रात्री एका झाडाखाली भावाला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, पायांत गोळे येऊ लागले. पणजोबांनी कनवटीची बाटली काढली आणि थेंब मोजून दिले. घटकेभरात कण्हणे थांबले. सारे म्हणाले, औषध लागू पडले. भाऊ मधूनमधून पाणी मागे. पण अशा रोग्याला पाणी द्यायचे नाही, अशी तेव्हाची समजूत. पहाटे तो गेला. ‘‘पण शांतपणे गेला,’’ आत्या म्हणाली. ‘‘आजोबा म्हणायचे, मला जे करता येण्यासारखं होतं ते सारं मी केलं.’’

वर जे लिहिले ते सारे मी तिला त्या दुपारी सांगितले. सांगावे की नाही, हा विचार आधी करायला हवा होता. पण बोलून गेलो. आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे पाणी द्यायला हवं होतं.’’

मी मान हलवली.

‘‘तरीच,’’ ती म्हणाली. ‘‘पालखी इथून जायची तेव्हा आजोबा दारात पाण्याचा मोठा रांजण भरून ठेवायचे. स्वतः ओगराळं घेऊन उभे राहायचे आणि मागेल त्याला, न मागेल त्यालाही पाणी पाजायचे. आम्ही पोरं हसायचो. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं रे काही. पण त्यांच्या मनाला कुठंतरी ठाऊक असणार.’’

बाटली तिने पुन्हा खणात गुंडाळली आणि होती तेथेच ठेवायला सांगितली. मी ठेवली.

निरोप घेण्यापूर्वी एक औषध वाचकांना देतो. याला पेटंट नाही, वेष्टन नाही आणि गुपितही नाही. उकळून गार केलेले एक लिटर पाणी घ्या. त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ नीट विरघळवा. घरात कोणाला जुलाब झाले तर हे पाणी घोटघोट पाजत राहा आणि डॉक्टरांना बोलवा. चव अश्रूंइतपत खारट असावी, जास्त नको. फडताळाच्या दाराला आतून ही कृती लिहून चिकटवून ठेवलीत, तर यंदाची झाडलोट सार्थकी लागली असे मी समजेन.